गाडी केए २३ झाली, टॅग मात्र एमएच ०९ वरच अडकला: निपाणीच्या एका टेम्पोचं प्रकरण

कोगनोळीच्या टोलनाक्यापासून पुण्याजवळच्या खेड-शिवापूरच्या नाक्यापर्यंत एकच फास्टॅग (टोल कापणारा काचेवरचा टॅग) चालतो, राज्य बदललं तरी काय अडत नाही, हे आपण सगळे धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण गाडीच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, म्हणजे विकली गेली, नंबर बदलला, मालक बदलला, तर टॅगचं काय होतं? आमच्या सीमाभागात असे व्यवहार रोजचे आहेत. इचलकरंजी, कोल्हापूर, कागलच्या गाड्या निपाणी, चिकोडी, संकेश्वरला येतात आणि इकडच्या तिकडं जातात. मी निपाणीत गाडीमालकांची कागदपत्रं बघतो, इन्शुरन्स, परमिट, पासिंग असलं सगळं, त्यामुळं हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यासमोर घडलंय. नावं आणि बँका मुद्दाम देत नाही, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

पार्श्वभूमी

निपाणी भागातले एक जुने गाडीमालक आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात, इथंही तेच म्हणूया. गूळ आणि भाजीपाला कोल्हापूर-पुण्याला न्यायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा असा त्यांचा धंदा. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांनी इचलकरंजीच्या एका मालकाकडनं एक सेकंडहँड टेम्पो घेतला, व्यवहार झाला कोल्हापूरच्या एका एजंटामार्फत. विकणाऱ्यांना आपण अण्णा म्हणूया. अण्णांच्या बऱ्याच गाड्या आहेत आणि त्या सगळ्या गाड्यांचे टॅग एकाच वॉलेटला जोडलेले, वॉलेट बँक खात्याला जोडलेलं, पैसे कमी झाले की आपोआप भरले जाणार. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं सगळं ह्याच्यावरच फिरतं.

गाडीचा नंबर एमएच ०९ होता. तात्यांनी कागद एकदम व्यवस्थित केले. कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायचे फॉर्म, चिकोडी आरटीओत नवीन नंबरसाठी फॉर्म २७, कर्नाटकचा टॅक्स, नवीन नॅशनल परमिट. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ तेच सांगतं, पण तात्यांनी तेवढी वाट बघितली नाही. दसऱ्याच्या आसपास गाडी केए २३ झाली, नवीन प्लेट लागली, पूजा झाली, गाडी रस्त्यावर.

टॅगबद्दल एजंटानं एवढंच सांगितलेलं, "टॅग चालू आहे ओ तात्या, बॅलन्स पण आहे त्यात, चालवा बिनधास्त." आणि टॅग चालत होता पण! कोगनोळीला बॅरिअर उघडतोय, किणीला उघडतोय, ड्रायव्हर काही बोलत नाही, मग कोण कशाला बघतंय. आरसी, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी अशी यादी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते, त्या यादीत टॅग कुणीच धरत नाही.

अडचण कशी उघडी पडली

डिसेंबरात एका रात्री गूळ भरून गाडी पुण्याला निघाली. कोगनोळी पार झाली, कोल्हापूर मागं पडलं आणि किणी टोलनाक्यावर बॅरिअर उघडलाच नाही. बूथवरच्या पोरानं सांगितलं, टॅग ब्लॅकलिस्ट दाखवतोय. मागं रांग, हॉर्न चालू. ड्रायव्हरनं तात्यांना फोन लावला, तात्या झोपेतनं उठून म्हणाले बॅलन्स संपला असंल, भर हजार रुपये.

ड्रायव्हरनं मोबाईलवर जुना एमएच ०९ नंबर टाकला (टॅग त्याच नंबरवर होता ना), अॅपवर भलतंच नाव दिसलं, पण मागनं शिव्या पडत असताना कोण नाव वाचत बसणार, हजार रुपये भरले. रिचार्ज यशस्वी असा मेसेज आला. बॅरिअर तरी बंदच. मग यूपीआयनं टोल भरून गाडी पुढं गेली, आणि तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, सगळीकडं तेच.

१५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम असा झालेला की चालू टॅग नसेल तर यूपीआयनं सव्वापट आणि रोखीनं दुप्पट टोल. त्याच्या आधी सरळ दुप्पटच होता, त्यामानानं बरं. पण तेव्हाचा हिशोब नीट मांडून बघा. समजा एका नाक्याचा टोल १०० रुपये. टॅग असेल तर चोवीस तासांच्या आत परत आलं की जाऊन-येऊन दीडपटच जातात, म्हणजे १५०. टॅग नसेल तर यूपीआयनं १२५ आणि १२५ मिळून २५० आणि रोखीनं ४००, कारण परतीची सवलत २०२० पासून टॅगवाल्यालाच मिळते. निपाणी ते पुणे नाके पाच. धंदा करणाऱ्यानं गुणाकार आपला आपण करावा.

टॅग वाचल्यावर मागं काय होतं

हे थोडं सविस्तर सांगतो कारण हे न कळल्यामुळंच सगळे रिचार्ज-रिचार्ज करत बसतात.

टॅगमध्ये पैसे नसतात, बॅटरी पण नसते. लेनवरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्याच्यावरच टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. नाक्याची एक बँक असते जी टोल गोळा करते, टॅग देणारी बँक वेगळी असते, आणि दोघांच्या मध्ये एनपीसीआयची (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची) यंत्रणा. तिथं एक नोंदवही आहे, मॅपर म्हणतात तिला: कुठला टॅग, कुठली गाडी, गाडीचा वर्ग कुठला, बँक कुठली, टॅग चालू की बंद. कोगनोळी कर्नाटकात आणि किणी महाराष्ट्रात असूनसुद्धा एकच टॅग दोन्हीकडं चालतो तो ह्या मधल्या नोंदवहीमुळं. हे काम खरोखर चांगलं झालेलं आहे, आधी प्रत्येक नाक्यावर सुट्ट्यावरनं जी भांडणं व्हायची ती आठवली की कळतं.

पण ह्या नोंदवहीत जे लिहिलंय तेच नाक्याला खरं. तिथं गाडी एमएच ०९ आणि मालक अण्णा असं लिहिलेलं. आरटीओच्या वाहन पोर्टलवर मात्र गाडी केए २३ आणि मालक तात्या. दोन सरकारी दर्जाच्या नोंदी, गाडी एकच, आणि दोन्हींत नाव-नंबर वेगळे!

आणि टॅग अडकायची कारणं पण वेगवेगळी असतात. बॅलन्स कमी असणं वेगळं, केवायसी राहिलेली असणं वेगळं आणि बँकेनं टॅग हॉटलिस्टला, म्हणजे अडवायच्या यादीत, टाकलेला असणं वेगळं. रिचार्ज हा इलाज फक्त पहिल्यावर चालतो. त्यात सुद्धा फेब्रुवारी २०२५ पासून, टॅग वाचला जायच्या आधी तासाभरापेक्षा जास्त वेळ ब्लॅकलिस्ट असेल आणि वाचल्यावर दहा मिनिटांत पण चालू झाला नाही, तर व्यवहार नाकारला जातो. किणीला त्या रात्री हजार काय, दहा हजार भरले असते तरी बॅरिअर उघडला नसता.

मग टॅग हॉटलिस्ट कुणी केला? अण्णांनीच! त्यांच्या दिवाणजींनी महिन्याचा हिशोब काढताना बघितलं की विकलेल्या गाडीचा टोल कोगनोळीला कापला जातोय, परत परत. अण्णा भडकले, आणि भडकणारच, दोन-तीन महिने दुसऱ्याच्या गाडीचा टोल त्यांच्या खिशातनं गेलेला. त्यांनी हेल्पलाइनला फोन करून टॅग ब्लॉक करायला सांगितला, आणि गाडी नेमकी त्या रात्री कोगनोळी ओलांडून किणीकडं निघालेली. अण्णांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही, की ब्लॉक करणं म्हणजे बंद करणं नाही. ब्लॉक केलेला टॅग नोंदवहीत तसाच बसून राहतो, गाडीवरचा हक्क सोडत नाही.

समोर कुठले पर्याय होते

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडं आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नवीन टॅग काढ आणि विषय संपव. मलाही तेच सोपं वाटलं, म्हणून लगेच केए २३ नंबरवर दुसऱ्या बँकेकडं अर्ज टाकला. नकार आला: ह्या चासी नंबरवर आधीच एक टॅग नोंदलेला आहे, तो बंद करून या. एक गाडी एक टॅग हा नियम आहे आणि नियम म्हणून तो बरोबरच आहे, एकाच गाडीवर पाच-पाच टॅग घेऊन लोक काय काय करत होते ते आम्ही बघितलंय. पण इथं त्यामुळं कोंडी झाली. जुना टॅग बंद करायचा अधिकार अण्णांचा, गाडी तात्यांची, आणि दोघं एकमेकांना एकदाही भेटलेले नाहीत.

मग बसून पर्याय काढले. अण्णांना फोन करून टॅग अनब्लॉक करून घ्यायचा आणि तात्यांनी महिन्याला पैसे पाठवायचे, हा सगळ्यात झटपट मार्ग होता आणि एजंट त्याच्यावरच जोर देत होता. मी नको म्हटलं. त्या टॅगवर जुना नंबर आहे. त्या वेळी बँका केवायव्ही मागत होत्या, म्हणजे टॅग आणि नंबरप्लेट एकत्र दिसेल असा गाडीचा पुढचा फोटो आणि आरसी, तिथं प्लेट केए २३ आणि टॅग एमएच ०९ हे जुळायचं कसं? आज नाहीतर उद्या परत अडकणारच. शिवाय तात्यांचा टोलखर्च अण्णांच्या खात्यावर दिसणार, हिशोबाला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा एक सल्ला त्यांना कुणीतरी चहाच्या गाड्यावर दिलेला, घरच्या कारचा टॅग डॅशबोर्डवर ठेवा, टोल पण कमी जाईल. हे तर अजिबात करू नका. गाडीचा वर्ग लेनवरचे सेन्सर आणि कॅमेरे वेगळा ओळखतात, फरक सापडतो, आणि काचेला न चिकटवता हातात धरलेला टॅग ब्लॅकलिस्ट करायचं धोरण एनएचएआयनं (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं) २०२५ मध्येच जाहीर केलंय. मग कारचा टॅग पण जायचा.

तिसरा पर्याय आडवाटेचा, निपाणीहून बोरगाव-इचलकरंजीकडनं जायचं म्हणजे कोगनोळी चुकते. भरलेल्या गाडीला तो रस्ता, डिझेल, वेळ, आणि ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. आणि एवढं करून फक्त कोगनोळी चुकवायची, पुढचे नाके काय चुकणार? तात्यांनीच तो विचार सोडला.

राहिला शेवटचा, जुना टॅग कायमचा बंद करून घ्यायचा, तोपर्यंत सव्वापट भरत राहायचं. वेळखाऊ होता पण दुसरं काही टिकणारं नव्हतं. त्या काळात एकच पथ्य ठेवलं, टोल रोखीनं भरायचा नाही, ड्रायव्हरच्या मोबाईलवर यूपीआय चालू करून दिलं.

काय काय केलं

सगळ्यात आधी एनपीसीआयच्या वेबसाइटवर टॅगची स्थिती तपासायची सोय आहे तिथं दोन्ही नंबर टाकून बघितले. केए २३ वर काहीच नाही, एमएच ०९ वर टॅग, बँकेचं नाव आणि हॉटलिस्ट असा शेरा. त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ह्याच्याशिवाय पुढं कुठल्याही बँकेशी बोलण्यात अर्थ नाही, कारण कस्टमर केअरवाला आधी तुमच्याकडं कुठला टॅग आहे हेच मान्य करत नाही.

मग अण्णांचा नंबर. एजंट द्यायला तयार नव्हता, उगाच तुमचं आपापसात काहीतरी होईल म्हणाला. पण विक्रीच्या कागदांवर पत्ता होताच, आणि इचलकरंजीत गाडीवाल्यांमध्ये ओळखी निघायला किती वेळ लागतो. फोन लागला तेव्हा अण्णा पहिल्यांदा तात्यांवरच घसरले, "तुम्ही फुकट टोल मारताय होय माझ्या पैशावर?" तात्या शांतपणे म्हणाले, "अण्णा, मला म्हाईतच नव्हतं ओ, जेवढं गेलंय तेवढं सगळं देतो, तुम्ही यादी काढा." त्या एका वाक्यावर पुढचं सगळं सोपं झालं. मी कागदाचं काम करतो, पण खरं सांगतो, हे प्रकरण सुटलं ते तात्यांच्या ह्या सरळपणामुळं.

पुढचा निर्णयाचा क्षण म्हणजे ओटीपी. टॅग बंद करायची विनंती अण्णांच्या मोबाईलवरच्या ओटीपीनं होते. एजंट म्हणाला अण्णांनी फोनवर ओटीपी सांगितला की इकडनं करून टाकू. अण्णांनी नकार दिला आणि मी अण्णांच्या बाजूनं उभा राहिलो. ज्या वॉलेटला इतक्या गाड्या आणि बँक खातं जोडलेलंय त्याचा ओटीपी अनोळखी माणसाला फोनवर द्यायचा? चार दिवस जास्त लागले तरी चालतील, पण हे करायचं नाही. म्हणून तात्या आणि मी कागद घेऊन इचलकरंजीला गेलो: दोन्ही आरसीच्या प्रती, एनओसीची प्रत, विक्रीचा कागद, टॅगच्या स्थितीचे स्क्रीनशॉट. अण्णा आमच्याबरोबर बँकेत आले, तिथं त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरनं, गाडी विकली हे कारण टाकून, टॅग बंद करायची विनंती टाकली. शाखेतल्या माणसानं आधी टॅग ब्लॉक आहेच की म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला. त्यालाच स्क्रीनवर दाखवलं की ब्लॉक आहे, पण नोंदणी अजून जिवंत आहे. तेव्हा कुठं त्यानं विनंतीचा नंबर दिला.

तिथंच बाहेर बाकड्यावर बसून दोघांचा हिशोब झाला. अण्णांच्या दिवाणजींनी टॅगचं स्टेटमेंट आणलेलं, प्रत्येक ओळीवर नाका, तारीख, वेळ. नवीन नंबर पडल्यापासूनच्या ओळींवर तात्या पेन्सिलनं खूण करत गेले, एक ओळ सुद्धा वादाची निघाली नाही. त्यातनं ड्रायव्हरनं त्या रात्री भरलेले हजार वजा केले, कारण ते पैसे सरळ अण्णांच्या वॉलेटला गेलेले. उरलेले तात्यांनी जागेवर दिले. अण्णांनी जेवून जायचा आग्रह केला.

टॅग नोंदवहीतनं निघायला काही दिवस गेले, आधीचे राहिलेले व्यवहार मिटल्याशिवाय बँक खातं पूर्ण बंद करत नाही. आम्ही रोज स्थिती बघत होतो. ज्या दिवशी एमएच ०९ वरनं नोंद गेली त्याच दिवशी नवीन अर्ज टाकला, आणि ह्या वेळी बँक निवडताना कॅशबॅक बघितला नाही, निपाणीत जिची शाखा आहे, जिथं उठून जाऊन मराठीत किंवा कन्नडात बोलता येतं ती निवडली. वॉलेट फक्त ह्या एका गाडीचं, मोबाईल नंबर तात्यांचा स्वतःचा.

नवीन टॅग चिकटवायच्या आधी जुना काढायला लागतो, नाहीतर रीडर दोन्ही वाचायचा प्रयत्न करतो. ड्रायव्हरनं गरम पाण्याचं फडकं काचेवर ठेवून ब्लेडनं खरवडला, तुकडे-तुकडे होऊनच निघाला, तो तसाच बनवलेला असतो की एकदा काढला की परत लावता येऊ नये. काचेच्या वरच्या बाजूला चमकीची पट्टी होती, आरशासारखी, तिच्यावर टॅग लावू दिला नाही कारण धातूचा मुलामा असलेल्या पट्टीमागं रेडिओ लहरी नीट पोचत नाहीत. पट्टीच्या खाली, काच पुसून कोरडी करून, आतल्या बाजूनं लावला.

निकाल

कोल्हापूरच्या नेहमीच्या फेरीला कोगनोळीला बॅरिअर उघडला, मेसेज तात्यांच्या मोबाईलवर आला, त्यात केए २३ नंबर. परतीला सवलत बरोबर लागली. नंतर पुण्यापर्यंतचे नाके, बेळगावकडं हत्तरगी आणि धारवाडच्या वाटेला हिरेबागेवाडी, सगळीकडं व्यवस्थित.

एकदाच एका नाक्यावर रीडरनं टॅग वाचला नाही आणि बूथवाल्यानं दुप्पट मागितले. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलेलं, मे २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं टॅग चालू आहे, बॅलन्स आहे आणि नाक्याचं यंत्र चालत नसेल तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रुपयाची पावती द्यायची. ड्रायव्हरनं बँकेच्या अॅपवर टॅग चालू असल्याचं दाखवलं, महामार्गाच्या १०३३ हेल्पलाइनला फोन लावतो म्हणाला, तेव्हा हातातलं रीडर मशीन आलं आणि टॅग वाचला गेला.

सव्वापटीत जे जास्तीचे पैसे गेले ते परत मिळाले नाहीत आणि मिळणारही नव्हते, कारण त्या काळात गाडीवर चालू टॅग नव्हता, नाक्यांनी घेतलं ते नियमानंच घेतलं.

काय वेगळं करता आलं असतं

अण्णांनी गाडी एजंटाच्या ताब्यात दिली त्याच दिवशी टॅग बंद करायला पाहिजे होता. ब्लॉक नाही, बंद. त्याचा पुरावा विक्रीच्या कागदाला जोडायचा. ज्यांच्या गाड्या जास्त आहेत आणि वॉलेट एक आहे त्यांनी तर हे हमखास करावं, कारण एका गाडीचा कापला जाणारा टोल त्या गर्दीत महिनोन्महिने दिसतच नाही.

तात्यांनी नंबर बदलायला चिकोडीला अर्ज दिला तेव्हाच दोन्ही नंबरांची टॅगस्थिती बघितली असती तर सगळं आरामात, दिवसाउजेडी झालं असतं. "बॅलन्स आहे त्यात" हे ऐकल्यावर एकच प्रश्न विचारायचा होता, कुणाचा बॅलन्स? आणि त्या रात्री अॅपवर दुसऱ्याचं नाव दिसलं तिथं ड्रायव्हरनं थांबायला हवं होतं, पण त्या पोराला मी दोष देणार नाही, मागं रांग लागल्यावर भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. ह्यात खरा हात झटकला तो एजंटानं. कमिशन दोन्हीकडनं घेतलं, मग टॅगची जबाबदारी कुणाची?

पण मला मनापासून जे खटकतं ते वेगळं आहे. एनओसी वाहन पोर्टलवर निघते, नवीन नंबर तिथंच पडतो, चासी नंबर दोन्ही नोंदींत आहे. म्हणजे गाडी महाराष्ट्रातनं कर्नाटकात गेली हे यंत्रणेला कळलेलं असतं. मग त्याच वेळी टॅग देणाऱ्या बँकेला कळवायला आणि जुन्या मालकाच्या मोबाईलवर टॅग बंद करा असा मेसेज पाठवायला अडचण काय आहे? आज हे जोडायचं काम तात्या आणि अण्णांसारख्या माणसांवर पडतं. ती दोन्ही माणसं भली निघाली म्हणून जमलं. एखाद्या प्रकरणात जुना मालक गेलेला असेल, नंबर बंद असेल, किंवा गाडी तीन हातांतनं आलेली असेल, तर?

राज्याच्या रस्त्यांवरचे सांधे पण असेच आहेत. महाराष्ट्रानं १ एप्रिल २०२५ पासून आपल्या अखत्यारीतल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा केला, हे चांगलं झालं. पण फास्टॅगचा वार्षिक पास, जो १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी मिळतोय, तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर. निपाणीहून पास घेऊन मुंबईला निघालेल्याला पुण्यापर्यंत काय अडत नाही, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर मात्र टॅगमधनं पूर्ण टोल जातो, कारण तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा. आमच्याकडं अशा तक्रारी घेऊन लोक येतात की पास असून पैसे कापले. ती चूक नसते, पण कुणी आधी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट अजून चालू आहे. नाका ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात नोंदलेल्या व्यापारी गाडीला निम्म्या टोलची सवलत आहे, पण नॅशनल परमिटची गाडी त्यातनं वगळलेली. कोगनोळी बेळगाव जिल्ह्यात, तात्यांची गाडी केए २३, तरी रोज हद्द ओलांडायची म्हणून नॅशनल परमिट आहे, त्यामुळं सवलत नाही. आणि नाक्यापासनं हाकेच्या अंतरावर कागलमध्ये एमएच ०९ ची गाडी असेल तर जिल्हाच वेगळा, म्हणून तिलाही नाही. तात्यांची दुसरी एक छोटी गाडी आहे, तीन टनांच्या आतली, तिला परमिटच लागत नाही, तिचा सवलतीचा अर्ज आरसीच्या प्रतीसह आम्ही कोगनोळीला दिलाय. उत्तर आलं की त्यावर वेगळं लिहीन.